चार बोटं

न्यूफाउंडलंडच्या त्या खाडीत
माती मोजूनमापून, मिठासारखी.
कुदळ मारली की ठिणगी.

ड्रुसिला पेनीला तरी हिरवळ हवी होती.
बटाटे नकोत, कोबी नको,
नुसतं गवत, अनवाणी उभं राहण्यापुरतं.
मेंढ्या तरी आहेत का आपल्याकडे, म्हणाला एलायस
आणि बोट घेऊन खेकड्यांवर गेला.

मग आम्ही पोरं, बादलीमागे एक बिस्कीट,
दलदलीकाठची काळी माती वाहायचो.
जूनमध्ये कॅपलिन मासे काठाला लागत, खच नुसता,
ते फावड्याने भरून भेगांत पुरायचो,
वर वादळाने फेकलेलं शेवाळ.
जुलैभर पाळकसाहेब लांबच्या वाटेने चर्चला गेले.

पहिल्या वर्षी उगवलं ते
दाढी करताना राहून गेलेल्या खुंटांसारखं.
थंडीत जमीन फुगली
आणि बर्फ वितळताच दगड पुन्हा वर,
खालून कुणी उसनं परत करावं तसे.
ती उचलायची, कुंपणावर रचायची.
एक हलेना. पहार वाकली.
"राहू दे. तो आपल्याआधीचा."

परवा गेलो, तर त्याच दगडावर
एलायस एकटा, बूट काढून,
पावलं गवतात.
"किती ठेवायची रे ती, कापताना?"

मी चार बोटं आडवी धरली.
खडकावर याहून कमी केलं तर उन्हात जळतं, ती म्हणायची.
त्याने आपला हात लावून पाहिला.
एक बोट कधीच दोरखंडाने नेलेलं.

"थोडं जास्तच ठेवतो," म्हणाला.