कोरा रकाना

घणसोली वॉर्ड ऑफिस, खिडकी नंबर तीन.
पंख्यानं फॉर्म उडू नयेत
म्हणून वर स्टेपलर ठेवलेला.
जन्मदाखल्यात एकच रकाना कोरा :
बाळाचे नाव.

सकाळपासून भरतोय –
क्षियान, विवांक, ह्रिदार्थ.
एकाचं जोडाक्षर कीबोर्डवर सापडेचना,
बापानंच शेवटी आत येऊन दाबून दाखवलं.
अर्थ विचारणं मी सोडलंय.
माझंच नाव धोंडू.
माझ्याआधीची तीन गेली,
म्हणून आईनं नावात दगड ठेवला,
मरण पुन्हा दारात आलंच
तर ठेचकाळावं.

जेवणाच्या सुट्टीआधी हे दोघं आले,
रूपेश आणि जान्हवी.
"रुजान. माझा रु, हिचा जान.
शोधून पाहिलं, दुसरा कुणी नाही."
"आणि इंग्रजीत डबल ओ," ती म्हणाली,
"आकड्यात बसतं."

रुजान.
बोटं थांबली माझी.
त्या सेक्टर सातच्या टॉवरखाली आमचं खाचर होतं.
राबात भात रुजलं की बाप
बांधावर कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही,
आम्हालाही.

"रुजण्यावरून का?"
दोघं एकमेकांकडे बघत राहिले,
जसं काही मी चूक काढली.
"नाही हो, अर्थ असा काही नाही."
"बरं."

डबल ओ टाइप केला.
प्रिंटर खरखरला, अडला, चालू झाला.
शिक्का मारताना हात जरा हळूच टेकवला.
झोपला होता तो.