ऐकताना किती खातो

खडेबाजारात, चन्नबसू हंजीच्या दुकानी,
काउंटरवर तीन सेट मांडलेले.
आमच्याकडं एकतीस हजार चारशे,
त्यातले चारशे सगळे दहाच्या नोटांत,
रोझीबाईनं काजूबिया विकून दिलेले.

हंजी आधी काढतो हातात मावणारी जोडी.
"स्वस्तात हाय बघा री."
बटण दाबलं की दुकानाच्या टोकाला त्याचा पोरगा हॅलो म्हणतो.
मी म्हटलं, हा आवाज सरळ चालतो.
आमच्या वाडीत सरळ काहीच नाही,
पुढं डोंगर, मागं डोंगर, मधे मलप्रभा,
सरळ होते ते हेस्कॉमचे सत्तावीस खांब,
त्यातले अकरा गेल्या श्रावणात आडवे झाले.

मी कंत्राटी लाइनमन.
वीज जाते कशी हे मला कुणी सांगायला नको.
आधी फांदी पडते, मग जांबोटीचा फीडर,
मग टॉवरची बॅटरी, चार तास, फार तर सहा,
मग फोनवरची शेवटची दांडी,
आणि मग रात्र, पूर्वी असायची तशी.

दुसरा सेट मोठा. रंगीत पडदा, शंभर वॅट.
मला तोच हवा होता.
गेल्या साली नऊ दिवस आमचं कुणाला
ऐकू गेलं नाही,
म्हणून मला मोठा आवाज हवा होता.

भरमू गुरव, सिग्नलमधला रिटायर हवालदार,
चष्मा कपाळावर सारून एवढंच विचारतो,
"ऐकताना किती खातो?"
"ऐकताना दीड अँपिअर. बोलताना वीस."
"आणि तो करडा, कोपऱ्यातला?"
"तो ल्हान ओ. ऐकताना पाव, बोलताना चार."

भरमू बोटांच्या पेरांवर मोजतो.
बॅटरी चाळीसची.
आमच्याकडच्या पावसात सोलर म्हणजे भिंतीवरचं चित्र,
भातगिरणीचं इंजिन डिझेल असेतोवर.
"मोठा उद्या रात्री मरतो. हा सहा दिवस जागा ऱ्हातो."

सहा दिवस नुसतं ऐकून करायचं काय,
मी जरा चढ्या आवाजात.

भरमू माझ्याकडं बघत नाही.
"लीलावतीच्या सुनेला फळीवर घातलं
तवा तू पुढच्या अंगाला हुतास.
पाच तास चालून पुलापाशी गेलो.
पूल सकाळीच गेल्ता.
खानापुरात पोराटोरांना ठावं हुतं.
आपण वरडलो न्हाई म्हणून झालं न्हाई ते."

टेबलफॅन खडखडत होता.
हंजीनं उठून तो बंद केला.

करडा घेतला. तांब्याची तार घेतली.
लायसनची परीक्षा मी दोनदा दिली.
शाळेमागच्या दोन फणसांत तार ताणली,
तेहेतीस फूट इकडं, तेहेतीस तिकडं, उंची दहाच फूट.
खांबावर चढणाऱ्याला वाटतं, जितकं उंच तितकं बरं.
भरमू म्हणाला, खालीच ऱ्हाऊ दे.
सरळ वर जाऊ दे, आभाळाला लागू दे,
परत ह्याच दरीत पडू दे.
दिल्ली कुणाला पायजे? खानापूर लागलं तरी बास.

रविवारी दिवेलागणीला मी स्वतः
ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज काढला.
वाडी एकदम काळी.
आणि सेटमधली ती घरघर, जी मला वाटायचं आभाळाची,
ती आमच्याच तारांची निघाली, ती थांबली.
खाली इतकी जागा होती शांततेला.

त्या जागेत एक बाई बोलत होती,
आधी कन्नडात, मग मराठीत तेच,
कुठल्या ओढ्याला किती पाणी, कुठली गाडी अडकली,
वाणसामान मोजावं तसं, घाई न करता.
मग थांबून म्हणाली,
"कंकुंबीकडं कोण हाय काय? ऐकू यालंय काय?"

माझा अंगठा बटणावर.
सांगायचं नऊ दिवसांचं साठलेलं होतं.
भरमूनं नुसतं बॅटरीकडं पाहिलं.
"यालंय," म्हटलं मी.

पायरीवर लीलावती बसलेली, अंधारात, पदर डोक्यावर.
सेटच्या जवळ आली नाही, लांबूनच विचारलं,
काय म्हणती ती?

पूल हाय, म्हणून सांगितलं.