बॅच नंबर

रबाळ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं
मी वॉशर नापास करत होतो.
व्हर्निअर लावायचा, दशांशात चूक सापडली
की तांबडा शिक्का, खोका, पुढचा.
आता येऊरच्या बसनं शेवटच्या स्टॉपला उतरतो
आणि करिश्मा वरठा मला नापास करते.

वय माझ्या नोकरीहून कमी.
पाटोणापाड्याची, बॉटनीची पदवी,
स्कूटीच्या डिकीत पॉलिश पेपर आणि शेणखत.
पहिल्याच दिवशी म्हणाली,
काका, जंगलातलं बी उचलायचं नाही,
तिथला हिशेब वानरं आणि धनेश बघतात.
आपण रस्त्यावरचं वेचायचं.

म्हणून पोखरण रोडच्या दुभाजकात वाकलो,
काखेत बहाव्याच्या शेंगा.
मागून रिक्षावाला ओरडला, काय हरवलं?
सांगता आलं नाही.

शेंग फोडली. काळा चिकट गर,
खणाखणात एकेक बी, पातळ पडद्यानं वेगळं केलेलं.
हे पॅकिंग मी मनातल्या मनात पास केलं.
पण तसंच पेरलं तर वर्षभर ढिम्म.
पॉलिश पेपरवर एक कड घासायची
फिकट दिसेपर्यंत, डोळ्याला धक्का न लावता,
मग रात्रभर पाण्यात.
किती घासायचं, मी माप विचारलं.
बोटाला कळतं, म्हणाली.
पन्नासातल्या बत्तीस बिया
माझ्या बोटांनी मारल्या.

उंडीला थांबवता येत नाही, पडली की मातीत.
सातवीणीचं बी केसाळ,
वाळूवर नुसतं ठेवायचं. शिंकायचं नाही.
शिवणीचं गाईनं रवंथ करून टाकलेलं असेल तर उत्तम.
मी हातमोजे मागितले.
तिनं दिले, पण हसू दाबून.

दोन भाग माती, एक शेणखत, एक काथ्याचा भुसा
आणि वर त्याच जातीच्या
मोठ्या झाडाखालची मूठभर माती.
ही कशाला?
विरजण.

कळव्यात आमच्या सोसायटीतून
दुधाच्या पिशव्या धुऊन आणतो.
सेक्रेटरींना वाटतं मी भंगाराचा धंदा काढलाय.
तळाचे दोन्ही कोपरे कापायचे,
नाहीतर मूळ आतल्या आत गोल फिरत राहतं
आणि पुढे मोकळ्या जमिनीतही तेच करतं.
हे ऐकून त्या दिवशी
मी जरा लवकर घरी गेलो.

प्रत्येक रांगेला मी पाटी लावली होती:
जात, तारीख, बॅच नंबर, मार्करनं, ठसठशीत.
श्रावणातल्या ऊनपावसानं अक्षरं पिऊन टाकली.
चाळीस रांगा, चाळीस कोऱ्या पट्ट्या.
आमच्या भाषेत सगळा माल रद्द.

करिश्मा उकिडवी बसली.
हे चुरगाळा. घाण वास? करंज.
हे खुडा. दूध आलं? कुडा असेल नाहीतर सातवीण.
आता पानं बघा,
समोरासमोर उभी तर कुडा,
एका पेराभोवती गोल पंगत धरून बसली तर सातवीण.
संध्याकाळपर्यंत सदतीस रांगा आम्ही ओळखल्या.
त्यातल्या अकरा मी. त्यातल्या दोन चुकीच्या.

राहिलेल्या तीन रांगांतल्या दोन
तिनं सकाळी येऊन सांगितल्या,
रात्री झोपेत आठवल्या म्हणे.
एक राहिलीच. सहा रोपं,
पानांना तांबूस कड, वास नाही, दूध नाही.
तिनं फोटो काढून कॉलेजच्या सरांना पाठवला.
अजून लहान आहे, असं त्यांचं उत्तर आलं.
तिला राग आला. सरांचा की रोपाचा, कळलं नाही.

कंपनीत एक पिवळा टॅग असायचा, होल्ड.
ना पास, ना नापास.
तो लावला की वरून विचारणा होते,
म्हणून एकतीस वर्षांत मी फारच थोडे लावले.
घरी कपाटात त्यांची एक अख्खी गड्डी निघाली.

सहा टॅग सुतळीनं बांधले.
मग झारी घेतली.
काका, पाणी जास्त होतंय,
ती लांबूनच ओरडली.