चौकटी कंस

परिषदेच्या आठ दिवस आधी
सेनापती बापट रस्त्यावर हिरवं कापड आलं.
बांबू रोवले, सुतळी ओढली,
आणि वडारवाडीच्या तोंडावरची आमची लाँड्री
कापडामागे गेली.
अण्णांनी ब्लेडनं एक उभी चीर पाडली,
गिऱ्हाईक आत शिरेल एवढी.

त्याच चिरेतून हॉटेलचा गठ्ठा आला:
एकवीस देशांचे झेंडे, प्रत्येकी दोन,
सगळे सुरतेच्या साटिनचे.
अण्णांनी इस्त्री मंद केली,
वर धोतराचा जुना तुकडा धरला,
आणि कुठल्या झेंड्याची वरची बाजू कुठली
ते मला विचारत राहिले.
मी मोबाईलवर बघून सांगत होते.

मग रानडे इन्स्टिट्यूटमधली सहा वर्षांची स्पॅनिश घेऊन
मी काचेच्या खोपटात जाऊन बसले.
शेजारी रशियनच्या मेहेंदळेबाई,
आलेपाकाची वडी गालात धरून.

विषय नद्यांचा होता.
मुठेचं नाव कुणी घेतलं नाही.

तिसऱ्या रात्री सगळे एका क्रियापदावर अडले.
सांडपाणी देश शुद्ध ‘करतील’
की देशांनी शुद्ध ‘करावं’?
मसुद्यात दोन्ही शब्द चौकटी कंसात.
एकमत होईपर्यंत तिथंच थांबायचं, असा रिवाज.
दीड वाजता कुणीतरी म्हणालं,
‘करतील’ आमच्या सरकारला झेपणार नाही.
ते मी स्पॅनिशमध्ये सांगितलं,
एकही सुरकुती न ठेवता.
घराण्याचा धंदाच तो.

चहाला उठले तेव्हा काचेतून खाली पाहिलं.
दिव्यांच्या माळा, भिंतींवर ताजे मोर,
इकडे बांबू, तिकडे बांबू,
मध्ये आमची वाडी,
एकमत न झालेली.

पहाटे दोन्ही शब्द गेले.
‘शुद्धीकरणाचे महत्त्व लक्षात घेता’
असं काहीतरी आलं. टाळ्या.
मेहेंदळेबाईंनी माईक बंद केला,
चष्मा पुसला, म्हणाल्या,
‘यात कर्ता कुठाय गं?’

सोमवारी झेंडे धुवायला परत आले.
एकावर चहाचा डाग होता.
कुठल्या देशाचा, ते अण्णा सांगत नाहीत,
गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकापाशी.

बुधवारी पालिकेचा माणूस कापड उतरवायला आला
तर नुसते बांबू.
अर्धं कापड शकूमावशीच्या मोरीला लागलं होतं,
अर्धं आमच्या इस्त्रीच्या टेबलावर, उन्हाला आडोसा म्हणून.
चीर अण्णांनी
आधीच शिवून घेतली होती.