दीड इंच अक्रोड

कौडर्सपोर्टच्या दवाखान्यात माझं काम खांद्यांचं.
बर्फावर घसरलेले, शिडीवरून पडलेले,
लाकडं फोडून फोडून गंजलेले खांदे.
आर्डिस हॉस्टेटर आली ऑक्टोबरात,
सदऱ्याची दोन बटणं सोडून म्हणाली, बघ.
कुणी जांभळं बांधून विसरलेल्या फडक्यासारखा
डाग.

पडलीस?
नाही. वेंडलच्या रायफलनं लाथ मारली.
वेंडल मार्चमध्ये गेला होता.
पण ती म्हणाली, त्याला मुळीच लागत नाही.
लागत नाही, असंच म्हणाली.

मी म्हटलं, ठेवून दे मग ती.
तर म्हणे, चाळीस हिवाळे तिनं आमचा फ्रीजर भरलाय.
मला आमच्याकडची दुभती गाय आठवली,
तिच्या गोड लाथा.
जमेल तशी समजावून सांगितली.
आर्डिस हसली नाही. तिच्या बापाचा गोठा होता.
म्हणाली, लाथ ती लाथच.
आम्ही मागचे पाय बांधायचो.

शनिवारी तिच्याबरोबर मर्लच्या दुकानात गेले.
खांदा माझा पेशंट होता, एवढंच कारण.
जवसाच्या तेलाचा वास, पायाखाली भुसा.
मर्लनं आधी रायफलला हातच लावला नाही.
तिचा हात कोपरात दुमडून मोजला,
शिंपी बाही मोजतो तसा.
हा दस्ता वेंडलच्या मापाचा, तो म्हणाला.
तुला लांब पडतो, म्हणून खांद्यापासून सुटा धरतेस.
तेवढ्या बोटभर फटीत ती धाव घेते
आणि मग येऊन आदळते.

तोंडाशी ब्रेक बसवला तर? मी विचारलं,
आदल्या रात्री वाचून आले होते.
बसवू की. धक्का निम्म्यावर येईल.
पण वायू बाजूंना फुटतो,
कानठळ्या बसतात त्या शेजारी उभ्या असलेल्याच्या.
आर्डिसनं शेजारी पाहिलं. तिथं मी होते.
नको, म्हणाली.

मग दारू थोडी कमी. दस्त्याच्या पोकळीत शिसं,
जड झाली की संथ मागे येते.
आणि रबराची इंचभर गादी.
गादीनं जोर कमी होत नाही, मर्ल म्हणाला,
जरा उशिरा पोचतो,
जरा पसरून.

करवत चालली.
एक इंच गादीसाठी, अर्धा तिच्या हातासाठी.
काप टेबलावर पडला, भाकरीच्या तुकड्याएवढा,
बाहेरची कड घामातेलानं काळी, आतलं लाकूड कोरं.
मर्ल तो भुशाबरोबर लोटणार
तोच तिनं हात मधे घातला.
कोटाच्या खिशात गेला काप. किंमत विचारली नाही,
त्यानंही सांगितली नाही.

जुन्या खडीच्या खाणीमागे नेम धरायची जागा.
काडतुसं मर्ल भरत होता, तिच्याकडे पाठ करून.
पहिलं. दुसरं. पानगळीतून आवाज फिरून आला.
तिसऱ्याला चाप ओढला आणि नुसतं टक्.
आत दारूच नव्हती.
रायफल गप्प,
खांदा मात्र उडाला,
डोळे गच्च, दात आवळलेले.
न बसलेली लाथ तिनं अख्खी सोसली.

आम्ही तिघंही काही बोललो नाही.
खाणीच्या पाण्यात एक बदक होतं, तेही गेलं.
मग आर्डिस म्हणाली,
आणखी भर तसलं एक.
कधी ते सांगू नकोस.

अंधार पडेपर्यंत तिथं होतो. माझे पाय गारठले.
किती पोकळ, किती भरलेली,
मोजायचं मी मधेच सोडून दिलं.

डिसेंबरात दवाखान्याच्या दारात पांढऱ्या कागदाचं पुडकं.
मी मांस खात नाही, हे तिला कुणी सांगावं?
घरी आणलं. फ्रीजरमध्ये ठेवलं,
चिरलेली मेथी आणि खवलेला नारळ यांच्या मधोमध.
वर पेन्सिलीनं तारीख,
आणि तिच्या ताठ अक्षरात:
खांदा, डावा.