मगदूमबाईंना, दोन पुस्तकं परत करताना

उशीर झालाय, माहीत आहे. अकरा दिवस.
पावती फाडा, पण आधी ऐकून घ्या.
आज यार्डात सौदे बंद आहेत, मला घाई नाही.

हळद आम्ही वरून बघत नाही, बाई.
हळकुंड मधोमध मोडतो.
कट्‌ वाजलं तर वाळलंय,
आतला रंग नारिंगीकडे झुकला तर भाव वर.
पुस्तकही मी तसंच मधूनच उघडतो.
तुम्हाला ते आवडत नाही, तेही माहीत आहे.

तर आधी निबंध.
पहिले चार ओले. लेखक परदेशात हिंडतो,
बागेतल्या बाकावर बसतो
आणि एका पानगळीला सहा पानं घालवतो.
पण पाचवा, तो घड्याळाचा!
भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागं चालतं
आणि घरातलं कुणी त्याला हात लावत नाही,
कारण किल्ली देणारा माणूस आता नाही.
हे तो कुठंच सांगत नाही.
नुसती सगळ्यांची बस चुकते.
तीनदा वाचला. कट्‌ वाजलं.

मग ती ऐतिहासिक. जाडजूड, पाठीला तुमच्याच हातची पट्टी.
सरदाराची लेक, आणि तिच्यावर जीव टाकणारा जासूद.
तिचे डोळे कमळासारखे, अकरा वेळा. मोजलेत मी.
घोडे दौडतात, नुसते दौडतात, चंदी कुणी खात नाही.
मिरजेबाहेर पाचशे स्वारांचा तळ पडतो
आणि हरभऱ्याचा हिशेब एका ओळीत नाही!
अडत दुकानाचा दिवाणजी मी, जीव तिथंच अडकला.
पुढं तर कहर. ऐन श्रावणात
हा गडी घोड्यासकट कृष्णा पार करतो,
वर अंगरखा कोरडा.
आयर्विन पुलावर फुटांचे आकडे वाचत
रात्र काढलेल्या माणसाला हे सांगता?

तरी वाचत राहिलो.
मिरजेच्या दवाखान्यात, आयसीयूबाहेरच्या बाकावर,
नऊ रात्री. दुसरं करायला होतं काय.
राजमती आत, मी दोनशे बाराव्या पानावर.
तिथं तो जासूद दुसऱ्या गढीवर खलिता पोचवतो.
आत तिच्याच लग्नाची बोलणी.
त्याला वाचता येत नाही.
खलिता देऊन दाराशी उभा राहतो,
जबाब घेऊन परत जायचंय म्हणून.
पाऊस येऊन जातो. पहारा बदलतो.
हा थांबलेलाच.

आणि समासात पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलंय,
‘असं कुणी थांबत नसतं.’

असा राग आला!
कोण हा अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला?
पान ट्यूबलाइटखाली धरलं.
कोपऱ्यात अंगठ्याचा डाग, पुसट, पिवळा.
आणि ‘थ’ची ती गाठ,
जशी मी आजही खतावणीत काढतो.
मागची चिठ्ठी उलटली.
एकोणनव्वदचा मार्च. नंबर माझाच.
दुकानात नवा लागलो होतो तेव्हा.

म्हणजे वाचलेलं होतं हे मी, बाई,
आणि विसरलोही होतो.
कमळं, उपाशी घोडे, श्रावणातली कोरडी कृष्णा,
तेव्हा सगळं खरं वाटलं असणार,
तिथं कुठंही पेन्सिल लागलेली नाही.
खोटं वाटलं ते एवढंच.

तेवढ्यात सिस्टरनं नाव पुकारलं, उठलो.
राजमती आता बरी आहे.
आमटीत मीठ कमी घातलं म्हणून
कालच माझ्यावर डाफरली.

निबंधवाल्या गृहस्थांनी यावर
चौदा पानं लिहिली असती,
त्यातली सहा पानगळीची.
मी त्या ओळीखाली एकच शब्द लिहिलाय.
शाईनं. खोडता येणार नाही.
त्याचा दंड वेगळा असेल तर
तोही याच पावतीत धरा.