वळसा

डॅरेल म्हणतो, डबकी.
सात डबकी, मिळून अकरा एकर,
आणि प्रत्येकाला वळसा घालताना
डिझेल किती जळतं, त्याचा आकडा त्याला पाठ.
"सुगी आटोपली की चर खणणारा येईल, आत्या.
बोललोय मी."

एल्फ्रीडा बटाटे सोलत राहते.
तिच्याकडेही आकडे आहेत,
बियाणं-कंपनीच्या फुकट डायऱ्यांत, शिसपेन्सिलीने,
दर मे महिन्यात ट्रकच्या काचेतून मोजलेले:
तलवार बदक, जोड्या चार.
चांदवे, पुष्कळ.
उचाट्या एक, लंगडा.
एका पानावर नुसतंच: गारठा. हेन्री गेला. सुरय आले.

सॅस्कॅचेवानची ही तळी कुणी खणलेली नाहीत.
हिमनदी मागे सरली तेव्हा तिचे लचके मातीत अडकले,
सावकाश विरघळले.
पाहुणा उठून गेल्यावर गादीत राहतो
तेवढाच हा खोलगटपणा.
गादी अजून कुणी झटकलेली नाही.

म्हणजे, एकदा झटकली होती.
मोठ्या दुष्काळात चौथं तळं कोरडंठाक पडलं,
तळाला खाराची पांढरी साय.
हेन्रीने नांगर घातला, बार्ली पेरली,
तीन वर्षं काढलीसुद्धा, हलकी, पोचट.
चौथ्या वर्षी बर्फ वितळला
आणि पाणी न विचारता जागेवर येऊन बसलं,
म्हाताऱ्याने आपली खुर्ची ओळखावी तसं.
तीन आठवड्यांत त्यात कोळंबीसारखे जीव,
नखाएवढे, उताणे पोहणारे.
"आले कुठून?" हेन्री काठावर गुडघे टेकून विचारत होता.
नांगराखाली, बार्लीखाली अंडी होती.
वाट बघत नव्हती.
नुसती होती.

यंदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात
डॅरेल ट्रॅक्टरमध्ये सँडविच खात होता,
सुकाणू उपग्रहाच्या हाती.
चाकापुढच्या धसकटांतून एक तपकिरी मादी
फडफडत उठली, पंख मोडल्याचं सोंग करत लांब गेली.
तो उतरला.
पिसांच्या अस्तरात आठ अंडी, फिकट, शेवाळी.
त्याने आजूबाजूला पाहिलं, कुणी बघतंय का.
पाच मैलांत कुणीच नव्हतं.
मग सुकाणू हातात घेऊन त्याने वळसा घातला.
पडदा किंचाळला: जागा सुटली.
त्याने बटण दाबलं: ठीक.

सुगीनंतर पिकाचा रंगीत नकाशा टेबलावर आला.
हिरव्या-पिवळ्यात एक पांढरा ठिपका,
बार्लीच्या दाण्याएवढा.
आत्याने त्यावर बोट ठेवलं.
"यंत्र चुकतं कधीकधी," तो म्हणाला,
आणि कॉफी नसलेल्या कपातून कॉफी प्यायला.

ऑक्टोबरात चर खणणारा आला.
रस्त्यालगतची दोन तळी गेली.
चिखलाचा वास दोन दिवस स्वयंपाकघरात होता.
बाकीचं पुढल्या वर्षी बघू, असं ठरलं,
किंवा ठरलं नाही.

डायरीत त्या रात्री: तळी पाच.
मस्करॅटने घर यंदा उंच बांधलंय.